पाण्याचा घोट आणि सलाईनची बाटली

मरणोन्मुख माणसाच्या ओठांना पाणी लावणे हे आपल्या घरांत औषधोपचारात कधीच मोडले नाही. ते नात्याचे कर्तव्य मानले गेले. त्यामुळे ‘आता पाणी देऊ नका’ असे डॉक्टर म्हणाले की सारे घर हादरते. या प्रश्नावरील दोन दस्तऐवज आम्ही नुकतेच शेजारी ठेवून वाचले. पहिला इंग्लंडमधील एक चौकशी अहवाल, दुसरे व्हॅटिकनचे पत्र. ही ललित पुस्तके नव्हेत. तथापि, अर्धवट समजलेला शब्द आजाऱ्याच्या खाटेपाशी किती अनर्थ करू शकतो, हे त्यांतून कळते. म्हणूनच त्यांची चिकित्सा येथे करीत आहोत.

हॉस्पिसमध्ये मिळणारी शांत शुश्रूषा साध्या रुग्णालयांतही मिळावी, या सद्हेतूने लिव्हरपूल येथे १९९०च्या दशकात ‘लिव्हरपूल केअर पाथवे’ नावाची पद्धती तयार झाली. पुढे ती देशभर पसरली आणि तिच्याविषयी नातेवाइकांच्या तक्रारी वाढल्या. बॅरोनेस जूलिया न्यूबर्गर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा ‘मोअर केअर, लेस पाथवे’ हा ४४ शिफारशींचा अहवाल जुलै २०१३मध्ये आला आणि पुढील वर्षी ती पद्धती मोडीत निघाली.

या अहवालाचा पहिला गुण म्हणजे त्याचा समतोल. जेथे प्रशिक्षित आणि सहृदय माणसे होती, तेथे याच पद्धतीने रुग्णांना शांत मृत्यू लाभला, हे तो मोकळेपणी सांगतो. पण जेथे ती केवळ रकाने भरण्याचा उपचार झाली, तेथे काय घडले हेही तो लपवीत नाही. आपल्या माणसाला घोटभर पाणी पाजू पाहणाऱ्या नातेवाइकांवर परिचारिका ओरडल्याच्या साक्षी त्यात आहेत. मूळ पद्धतीत पाण्याला अशी सरसकट बंदी नव्हती. मग ती आली कोठून? तोंडाने पाणी पिणे आणि सुईने किंवा नळीने द्रव देणे या दोन भिन्न गोष्टी लोकांनी एक मानल्या, त्यातून ती आली. अहवाल त्या पुन्हा वेगळ्या करतो. ज्याला पिता येते आणि प्यावेसे वाटते, त्याला साहाय्य न करणे हे व्यावसायिक गैरवर्तन समजावे, अशी त्याची शिफारस आहे. आमच्या मते हेच त्याचे सर्वांत मोलाचे वाक्य होय.

मात्र चौकशी अहवालाचा स्वभावच दोष शोधण्याचा असतो. त्यामुळे डॉक्टरचे मन त्यात फिकटच उमटते. सलाईन नाकारणारा प्रत्येक डॉक्टर कठोर नसतो. हृदय आणि मूत्रपिंडे थकली की चढवलेला द्रव शरीर बाहेर टाकू शकत नाही; हातपाय सुजतात, श्वास जड होतो. त्याला या त्रासाची भीती असते. उलट दुसरा डॉक्टर बाटली लावतो, कारण ‘शेवट जवळ आला आहे’ हे शब्द उच्चारणे त्याला जड जाते. दोघेही खात्रीने बोलतात. ज्ञान मात्र तितके खात्रीचे नाही. २०१३मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात हॉस्पिसची सेवा घेणाऱ्या १२९ कर्करोग्यांपैकी काहींना रोज एक लिटर, तर इतरांना केवळ १०० मिलिलिटर द्रव दिला गेला. त्रासाच्या लक्षणांत लक्षणीय फरक आढळला नाही. इंग्लंडच्या २०१५च्या अधिकृत मार्गदर्शिकेनेही द्रव दिल्याने आयुष्य वाढते किंवा न दिल्याने मृत्यू लवकर येतो, हे निश्चित नसल्याचे मान्य केले आहे.

आता दुसरा दस्तऐवज. आजाऱ्यांचे आश्रयदाते संत कॅमिलस यांच्या सणाची, १४ जुलै २०२०ची तारीख असलेले ‘सामारितानुस बोनुस’, म्हणजे ‘दयाळू शोमरोनी’, हे पत्र पोप फ्रान्सिस यांच्या मान्यतेने निघाले. अन्न व पाणी ही मूलभूत शुश्रूषा आहे, रुग्णाचा तो हक्क आहे, हे त्यात ठामपणे येते. परंतु ज्याचे शरीर ते स्वीकारूच शकत नाही, त्याला ते देत राहू नये, हेही त्यात स्पष्ट आहे. दुर्दैवाने श्रद्धावंत घर पहिला अर्धा भाग सांगते आणि घाईतला डॉक्टर दुसरा. याचा थोडा दोष आम्ही पत्राच्या शैलीलाही देतो. शोमरोन्याची कथा शेतकऱ्यालाही कळते. तिचे नाव घेतलेले हे पत्र मात्र पंडितांनाच पचेल अशा भाषेत लिहिले आहे.

इंग्लंडमध्ये पाणी नाकारल्याचे दुःख होते. आपल्याकडे चित्र बहुधा उलटे दिसते. सलाईन म्हणजे ‘काहीतरी चालू आहे’ याची खूण. एकदा ती लागली की माणसे बाटलीतील थेंब मोजीत दूर बसतात आणि वाळलेल्या ओठांकडे कुणाचे लक्ष राहत नाही. वास्तविक तोंडाला पडणारी कोरड ओल्या कापसाने, चमच्याने दिलेल्या थेंबांनी पुष्कळ शमते. मात्र गिळता येत नसेल तर जबरदस्ती करू नये. पाणी श्वासनलिकेत जाते.

ख्रिस्तसभेने हा विवेक स्वतःच्या संस्कारांतही जपला आहे. अखेरच्या प्रवासाची शिदोरी म्हणून आपण ख्रिस्तप्रसाद देतो. ज्याला ओस्ती गिळणे अशक्य आहे, त्याला केवळ द्राक्षारसाच्या रूपात तो देण्याची मुभा १९८३च्या धर्मविधिसंहितेतील ९२५ व्या कलमात आहे. शरीर जेवढे घेऊ शकते तेवढेच द्यावे, पण द्यायचे सोडू नये, हाच त्याचा अर्थ.

तेव्हा वाचकहो, अशी वेळ आली तर ‘सलाईन लावणार की नाही?’ एवढेच विचारून थांबू नका. त्यांना गिळता येते का, त्यांना तहान जाणवते का, आणि हा निर्णय उद्या पुन्हा कोण तपासणार, हे तिन्ही प्रश्न डॉक्टरांना विचारा. गुड फ्रायडेला आपण क्रुसावरील सात शब्दांचे चिंतन करतो. त्यांतील पाचवा शब्द तहानेचा आहे. त्या दुपारी कुणीतरी काठीवर स्पंज उंचावून प्रभूच्या ओठांपर्यंत नेला होता. आजाऱ्याच्या उशाशी बसून निदान तेवढे आपल्याला करता येते.