एकुलतें एक चित्र

जुन्या पोलरॉइड कॅमेऱ्याच्या चित्रांवर रसिकांचे आक्षेप तीन: रंग फिके, रेषा धूसर, आणि दुसरी प्रत निघत नाहीं. पहिले दोन आम्हांस मान्य आहेत. तिसऱ्यांत मात्र या कलेचें मर्म आहे असें आम्हांस वाटतें. एड्विन लँड यांनीं १९४७ सालीं ही युक्ति जगापुढें मांडली. १९७२ च्या एसएक्स-७० मध्यें कॅमेऱ्यांतून बाहेर पडलेल्या कागदावर चित्र डोळ्यांदेखत उमटूं लागलें.

गेल्या उन्हाळ्यांत शिरूरला घोडनदीच्या कांठीं मेंढरें राखणाऱ्या एका आजीबाईंचें चित्र आम्हीं घेतलें. आठांच्या संचांतलें तें शेवटचें. उजेड लागूं नये म्हणून त्यांनीं कागद दहा मिनिटें पदराआड धरला. उन्हाच्या तापानें चित्र पिवळसर उतरलें. "ह्यो फोटू मला ऱ्हाऊं द्याल का?" त्यांनीं विचारलें. आम्ही अडखळलों, दिल्यावर आमच्यापाशीं कांहींच उरणार नव्हतें. अखेर दिला.

परततांना दौंड स्थानकावर सहप्रवासी मोबाइलमधलीं शेंकडों चित्रें दाखवीत होते. आमच्यापाशीं दाखविण्यास एकहि नव्हतें. पण आमचें चित्र ज्याचें त्याच्या घरीं पोंचलें होतें. रंगांचा हिशेब त्यापुढें आम्हांस गौण वाटतो.