ढोर, पीक आणि बहिणाबाई

बहिणाबाई चौधरी यांच्या मनावरील कवितेविषयी आजवर इतके लिहिले गेले आहे की, त्यात भर घालताना संकोच वाटतो. परंतु या लेखनातली एक गोष्ट मला सतत खटकत आली आहे. बहिणाबाईंनी मनाला पिकात शिरलेल्या ढोराची उपमा दिली, एवढे सांगून समीक्षक मनाकडे वळतात. ढोर तिथेच चरत राहते. उपमेय हाती लागले की उपमानाला मोकळे सोडायचे, ही आपली जुनी खोड आहे. मी पांझरेकाठचा, धुळ्याकडचा. माझी बोली अहिराणी, बहिणाबाईंची लेवा गणबोली. (दोहोंना सरसकट एक मानणाऱ्या विद्वानांशी भांडण पुन्हा केव्हातरी.) पण ढोर दोन्हीकडे सारखेच, आणि मला त्याच्याविषयीच बोलायचे आहे.

गाईबैलांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ती जिभेने चाऱ्याला वेढा घालून तो ओढून तोडतात. शेळीप्रमाणे ओठांनी पान न् पान निवडणे त्यांच्या स्वभावात नाही. शिवाय रवंथ करणारे जनावर आधी भराभर गिळते आणि चावण्याचे काम मागाहून सावलीत बसून सवडीने करते. हाकलणारा येईपर्यंत पोटात गेले तेवढे खरे! हुसकले तर ते बांधापर्यंत जाते, आणि माणसाची पाठ वळली की परतते. कारण तिथली चव त्याला कळलेली असते. कवितेतले ढोर कितीही हाकलले तरी फिरून पिकावरच येते, ते याच रीतीने. असोद्याच्या या बाईंना अक्षरओळख नव्हती, पण जनावराचे चरणे त्यांनी किती बारकाईने पाहिले होते!

मग ढोरच का? पिकाची नासाडी रोही करतात, रानडुकरेही करतात. सातपुड्याच्या पायथ्याच्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. पण ते परके. ढोर घरचे असते. सुगी उरकली की त्याच शेतातल्या धसकटांवर आपणच त्याला सोडतो, म्हणजे ही वाट आपणच त्याला दाखवलेली असते. त्याला मारून टाकता येत नाही आणि सोडूनही देता येत नाही. पांझरेच्या फडांवर पिकाच्या राखणीसाठी जागले नेमीत. सरकारने १८७१ साली कायदा करून कोंडवाड्यांची व्यवस्था लावली. मनासाठी जागल्या कोठून आणावा आणि कोंडवाडा कोठला, ही या उपमेतली खरी अडचण आहे. रानडुकराची उपमा दिली असती तर ही अडचण उभीच राहिली नसती.

आता घरची एक गोष्ट. माझ्या लहानपणी एका वर्षी पावसाने ओढ दिली आणि ज्वारी गुडघाभर होऊन सुकू लागली. आमची तांबडी गाय दावे तोडून तीत शिरली. आई हातातले काम टाकून ओरडत धावली, तोवर गाईचे चार घास खाऊन झाले होते. तोंडाला फेस आला, पाय लटपटले, आणि घटकाभरात ती आडवी झाली. कोवळ्या किंवा पाण्यावाचून खुरटलेल्या ज्वारीपासून जनावराच्या पोटात हायड्रोसायनिक आम्ल तयार होते, हे मला पुष्कळ वर्षांनी पुस्तकातून कळले. आईला पुस्तक ठाऊक नव्हते. ती पिकासाठी धावली नव्हती, गाईसाठी धावली होती.

तेव्हापासून मला त्या कवितेतले हाकलणे रागाचे वाटत नाही, भयाचे वाटते. हे कवितेत शब्दांनी आलेले नाही, हे मी मान्य करतो. पण पुढे त्याच कवितेत मन विषारी होते, आणि विंचूसापाच्या विषाला निदान उतारा तरी असतो, असे बहिणाबाई सांगतात. पिकातल्या ढोराशी या विषाचे नाते कोणी जोडून दाखवल्याचे माझ्या वाचनात नाही.

याच जिल्ह्यातल्या धरणगावी १८९० साली, म्हणजे बहिणाबाईंनंतर दहा वर्षांनी, बालकवी जन्मले. त्यांच्या श्रावणातही गुरे चरतात, गोपाळ गातो, हरिणी पाडसांसह खेळतात. ते चित्र मोहक आहे यात शंका नाही. पण त्या रानात कोणाचे काही खाल्ले जात नाही. गवत जणू चरण्यापुरतेच उगवले आहे. बहिणाबाईंच्या रानाला बांध आहे आणि बांधापलीकडे कोणाचे तरी वर्षाचे अन्न आहे.

मात्र त्यांची नजर सर्वत्र अशीच राहिली आहे, असे मी म्हणणार नाही. सुगरणीच्या खोप्यावरील कवितेत पाखराच्या चोचीचे कौतुक आहे. पण तीच चोच ज्वारीच्या कणसात शिरते तेव्हा शेतकरी माळ्यावर चढून गोफण फिरवतो, त्याचा तिथे मागमूस नाही. शिवाय खोपा विणतो तो नर. मादी येऊन पारखते, पसंत पडला तर आतले अस्तर तेवढे घालते. सालिम अली यांनी किहीमला पाहून हे लिहून ठेवले आहे. बहिणाबाईंनी सारे श्रेय आईला दिले. ती कविता मला गोड वाटते, पण तिच्याकडे मी वरचेवर जात नाही. ढोराच्या कवितेकडे जातो, आणि दर वेळी आईचे ते ओरडणे ऐकू येते.