डहाणूचा खासदार शोधताना

लोकसभेच्या जुन्या याद्यांत 'डहाणू' शोधलंत, तर १९७७ चे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे लहानू कोम सापडतील. १९५७ चे कम्युनिस्ट खासदार शामराव परुळेकर मात्र निसटतील, कारण तेव्हा मतदारसंघाचं नाव 'ठाणे' होतं. आज ते 'पालघर' आहे. म्हणून आधी नावांचा तक्ता करा.

पण यादीची खरी उणीव वेगळी: खासदार कळतो, त्याला मत देणारा वारली कळत नाही. त्यासाठी गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) वाचाच. तलासरीतल्या झरीची १९४५ ची सभा, वेठबिगारीला नकार, सगळं त्यात आहे. मात्र ते बाहेरून आलेल्या नेत्याचं कथन आहे, तेही पंचवीस वर्षांनंतरचं. कोम स्वतः आदिवासी. मग यादीवर थांबू नका, त्यांच्या काळातल्या चर्चांचे अहवाल उघडा.