मानसशास्त्र : घोकायचे की करून पाहायचे?

बी.ए.च्या पहिल्या वर्षाला मानसशास्त्र घेणारा विद्यार्थी मन ओळखायला येतो. हाती पडतात व्याख्या. वुंटने १८७९ साली लायप्झिगला प्रयोगशाळा काढली, हे तो पाठ करतो. एबिंगहॉसचा १८८५ चा विस्मरणाचा आलेखही पाठ करतो. पण एबिंगहॉसने निरर्थक शब्द स्वतःच पाठ करून स्वतःचेच विसरणे मोजले होते, हे मर्म निसटते.

रोडिगर व कार्पिकी यांचा २००६ चा प्रयोग पाहा. उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवले. आठवड्यानंतर मात्र न पाहता आठवून लिहिणारे पुढे गेले. अमरावतीच्या राजापेठेत खोली घेऊन रात्रभर गाइड वाचणारा मुलगा पेपरात अडला की स्वतःला मठ्ठ समजतो. दोष बुद्धीचा नसून अभ्यासाच्या रीतीचा असू शकतो, हे सांगणारा विषयच त्याने घोकलेला असतो!

शिक्षकांनी एवढे करावे. वर्गाला एक उतारा द्यावा. निम्म्यांनी तो पुन्हा वाचावा, निम्म्यांनी पुस्तक मिटून आठवेल ते लिहावे. आठवड्याने दोघांचीही चाचणी घ्यावी. खर्च कोऱ्या कागदांचा. निष्कर्ष फळ्यावर वर्गानेच लिहावा.