'आणि पार्टी'

दलित साहित्याची चर्चा करताना आपण अमेरिकेतल्या काळ्यांच्या साहित्याचा दाखला नेहमीच देत आलो. १९७२ साली दलित पँथरने आपले नावच तिकडून घेतले. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी निग्रो साहित्याची मराठीला ओळख करून दिली. रिचर्ड राइट, लँग्स्टन ह्यूज, बाल्डविन ही नावे आपल्या व्याख्यानांत रुळली. पण हा सगळा व्यवहार पुस्तकांचा राहिला. ज्यांची पुस्तके आपण वाचली ती माणसे गात काय होती, हे आपण फारसे विचारले नाही. विचारले तेव्हा मोर्च्यातल्या गाण्यांपुरतेच विचारले.

शिकागोच्या 'द इम्प्रेशन्स' या गायकमंडळाचा त्याच नावाचा पहिला अल्बम १९६३ साली निघाला. हे साल लक्षात घ्यावे. मे महिन्यात बर्मिंगहॅमच्या रस्त्यावर काळ्या पोरांच्या अंगावर पोलिसांची कुत्री आणि पाण्याचे फवारे सोडले गेले. २८ ऑगस्टला वॉशिंग्टनचा मोर्चा झाला. १५ सप्टेंबरला बर्मिंगहॅमच्याच एका चर्चमध्ये बॉम्ब फुटून चार मुली मेल्या. आणि या अल्बममध्ये काय आहे? बहुतेक सगळी प्रेमाची गाणी. आमच्या वणीच्या एका कार्यकर्त्या विद्यार्थ्याला मी ती ऐकवली. त्याने सरळ विचारले, "सर, यात विद्रोह कुठी हाये?" प्रश्न गैर नाही. मलाही तो पडला होता.

उत्तर शब्दांत शोधून सापडत नाही. 'इट्स ऑल राइट' हे त्यांचे त्या वर्षीचे गाणे काळ्या श्रोत्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. ते ऐकावे. कर्टिस मेफिल्डचा आवाज उंच, पातळ, जवळजवळ बाईसारखा. सॅम गुडनचा खालचा, जाड. मध्ये फ्रेड कॅश. एकाने ओळ उचलायची, दुसऱ्याने ती हातातून घ्यायची, मग तिघांनी मिळून खाली ठेवायची. मुख्य गायक कोण आणि मागे म्हणणारा कोण, हे काही जागी सांगताच येत नाही. ही रीत चर्चमधून आली. मेफिल्डची आजी धर्मोपदेशक होती, तो लहानपणी भजनी मंडळातच गायला शिकला. त्या प्रार्थनेत सांगणाऱ्याचे वाक्य ऐकणाऱ्यांच्या हुंकाराशिवाय पुरे होत नाही.

पुरुषाच्या आवाजाबद्दलही बोलले पाहिजे. ज्या देशात म्हाताऱ्या काळ्या माणसालाही गोरा पोऱ्या 'ए पोरा' म्हणून हाक मारी, तिथे हे तिघे हळुवार, लाजत, आर्जव करीत गातात. आपल्याकडेही पांढऱ्या केसांच्या माणसाला अरे-तुरे ऐकावे लागले आहे. अशा माणसाने प्रेम मागावे, आणि ते जाहीरपणे, चारचौघांत मागावे, यातली हिंमत घोषणेपेक्षा कमी नाही. १९६४ मध्ये याच मंडळाने 'कीप ऑन पुशिंग' म्हटले, १९६५ मध्ये 'पीपल गेट रेडी' म्हटले, आणि ती गाणी चळवळीने उचलली. तो आवाज या पहिल्या अल्बममध्येच घडला होता.

सगळेच चांगले आहे असे मात्र नाही. काही गाणी पातळ आहेत, चाली एकमेकींत मिसळतात. 'जिप्सी वूमन' हे १९६१ चे गाजलेले गाणे यात घेतले आहे. चाल सुंदर. पण शेकोटीभोवती नाचणारी भटकी बाई त्यात केवळ बघायची वस्तू आहे. तिला स्वतःचे म्हणणे नाही. दबलेला माणूस आपल्याहून दबलेल्याकडे त्याच जुन्या नजरेने पाहू शकतो. पालावरच्या बायकांवरची आपल्याकडची गाणी आठवली तर हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

पण मला अधिक महत्त्वाची वाटते ती नावाची गोष्ट. १९५८ साली या मंडळाची पहिली मोठी तबकडी निघाली, तेव्हा कंपनीने तिच्यावर 'जेरी बटलर अँड द इम्प्रेशन्स' असे छापले. एक नाव पुढे, बाकीचे मागे. इतरांना ते लागले. बटलर लवकरच बाहेर पडला. पुढे ब्रूक्स बंधूही गेले. उरलेल्या तिघांनी १९६३ चा अल्बम केला तो मंडळाच्या नावाने. गाणी बहुतेक मेफिल्डचीच आणि पुढचा आवाजही त्याचाच. तरी तबकडीवर कुणी 'आणि' च्या पुढे ढकलला गेला नाही.

आपल्याकडे काय झाले? सत्यशोधक जलशातून आंबेडकरी जलसा आला. भीमराव कर्डकांच्या जलशाने गावोगाव बाबासाहेबांचा विचार नेला. जलसा म्हणजे मंडळ. सवाल एकाने टाकायचा, जबाब दुसऱ्याने द्यायचा, झील सगळ्यांनी धरायची. मग तबकडी आली, कॅसेट आली, आणि कव्वालीच्या वेष्टनावर एक नाव आणि पुढे 'आणि पार्टी' असे छापून येऊ लागले. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्या आवाजांचे मोठेपण वादातीत आहे. प्रश्न पार्टीचा आहे. माझा मोठबाप अशाच एका पार्टीत मागच्या रांगेत बसायचा. कापूस वेचून आल्यावर रात्रभर टाळी आणि कोरस. त्याच्या पार्टीची एक कॅसेट निघाली होती, तिच्यावर पुढच्या गायकाचा फोटो होता. मोठबाप टेप थांबवून, मागे घेऊन सांगायचा, "ही टाळी माही." आम्ही पोरे हसायचो.

आपल्या समीक्षेनेही हेच केले. वामनदादा कर्डकांवर आपण थोडेफार लिहिले, ते योग्यच. पण त्यांच्या मागे ढोलक कोण वाजवी, झील कोण धरी, याची नोंद कुणी ठेवली? बायका तर जलशाच्या बाहेरच राहिल्या. व्यक्तिपूजेवर टीका करणारी चळवळ आपल्याच गाण्यात पुढची रांग आणि मागची रांग अशी मांडणी करून बसली.

गेल्या जयंतीला विद्यार्थ्यांनी भीमगीतांच्या कार्यक्रमाचे पत्रक दाखवायला आणले. गायकाचे नाव मोठ्या अक्षरांत, खाली 'व संच'. संचातल्या सातही जणांची नावे टाका म्हटले. छापखानेवाला म्हणाला, जागा नाही. बरीच ओढाताण झाली. शेवटी नावे आली, देणगीदारांच्या यादीखाली, बारीक टाइपात. ढोलकवाल्याचे नाव चुकीचे छापले होते. ते पोरांनी साडेचारशे प्रतींवर पेनाने दुरुस्त केले.