मुखवटा आणि बघणारे

रिद्धपुरात बोलायचं तर सुरुवात महदंबेपासूनच करायला हवी. गोविंदप्रभूंच्या विवाहप्रसंगी तिनं धवळे रचले. आम्ही तत्त्वज्ञानाचे मास्तर. तिच्यावर बोललो ते नेहमी 'आद्य कवयित्री' एवढंच. धवळा हे लग्नात गायचं गाणं, समोर कुणीतरी बसून ते ऐकत होतं, हे आमच्या नीट ध्यानात आलं ते फार उशिरा, एक आफ्रिकन कादंबरी वाचताना.

नायजेरियाच्या चिनुआ अचेबे यांची 'थिंग्ज फॉल अपार्ट' (1958). तिच्यात गावातले प्रमुख पुरुष मुखवटे चढवून पूर्वज होतात आणि न्यायनिवाडा करतात. त्यातल्या एकाची चाल अगदी ओकॉन्क्वोसारखी आहे, हे त्याच्या बायकांच्या लक्षात येतं. पण त्या बोलत नाहीत. हा आपला नवरा आहे आणि हा पूर्वजही आहे, दोन्ही त्यांना एकदम मान्य असतं. पुढं ईनॉक नावाचा नवख्रिस्ती भर लोकांत एक मुखवटा ओढून काढतो. गावाच्या लेखी पूर्वजाची हत्या झाली! मग चर्च पाडलं जातं, पुढारी कैद होतात आणि ओकॉन्क्वोचा शेवट जवळ येतो. हा मुखवटा म्हणजे 'स्थानिक रंग' म्हणायचा का? तो वगळून पाहा, कथाच कोसळते.

आता आपल्या आनंद यादवांची 'नटरंग' घ्या. पहिलवानी देहाचा गुणा तमाशाचा फड उभारतो. नाच्या मिळेना म्हणून स्वतःच नाच्या होतो. इथं उलटं घडतं. खेळ संपला तरी लोक त्याच्यात नाच्याच बघतात. ओकॉन्क्वोच्या बायकांजवळ जे शहाणपण होतं, ते गुणाच्या बघणाऱ्यांजवळ नाही. आमच्या मते त्याची शोकांतिका नाचात नाही, या नजरेत आहे.

म्हणून कादंबरीत गाणं, सोंग, चित्र आलं की आम्ही एकच विचारतो: बघणाऱ्यांचं काय झालं? आपल्या पुष्कळ कादंबऱ्यांत जत्रा येते, ढोलकी वाजते, पान उलटतं. कुणाचं काही बदलत नाही. तिथं कला नुसती तोरणासारखी टांगलेली असते.

महदंबेनं समोरच्या लग्नात रुक्मिणीचं स्वयंवर गायलं. ऐकणाऱ्यांना एका लग्नात दुसरं लग्न दिसलं असेल, तर ते धवळ्याचं काम. आम्ही ते नुसतं वाचत बसलो. तुमच्या घरी कुणी म्हातारी अजून लग्नाची गाणी म्हणत असेल, तर तिच्याजवळ जाऊन बसा. आम्ही इथंच थांबतो.