काळ्या परीकथेची भूक

हॅन्सेल आणि ग्रेटेलची गोष्ट बहुतेकांना आठवते ती खाऊच्या घरापासून. ग्रिम बंधूंनी मात्र तिची सुरुवात दुष्काळापासून केली आहे. घरात भाकरी उरलेली नाही, खाणारी तोंडं चार, आणि रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या आई बापाला म्हणते, पोरांना रानात सोडून येऊ. १८१२च्या पहिल्या आवृत्तीत ही बाई सख्खी आई आहे. सावत्र झाली ती पुढच्या आवृत्त्यांत. पुस्तक मुलांच्या हाती जाऊ लागलं तशी थोरामोठ्यांची अब्रू झाकण्याची सोय झाली. स्नो व्हाइटच्या गोष्टीतही हेच घडलं. चेटकीण भेटण्याच्या कितीतरी आधी, गोष्टीतलं सगळ्यात भयंकर बोलणं घरातच होऊन गेलेलं असतं. भुकेमुळे डोळ्याला डोळा न लागलेली मुलं ते ऐकत पडलेली असतात.

म्हणून परीकथेवरचा भयपट पाहताना मी आधी भूक शोधतो. कोण उपाशी आहे, ताट कोणापुढे आहे आणि ते कोणाच्या जिवावर भरलंय? याचं उत्तर ज्या चित्रपटाकडे नसतं, त्याचा अंधार नुसता दिव्यांच्या मांडणीतून आलेला असतो.

हॉलीवूडने मध्यंतरी असा अंधार भरपूर विकला. २०११ साली ‘रेड रायडिंग हूड’, २०१२मध्ये ‘स्नो व्हाइट अँड द हंट्समन’, २०१३मध्ये ‘हॅन्सेल अँड ग्रेटेल : विच हंटर्स’. स्नो व्हाइटला चिलखत घालून सैन्यापुढे उभं केलं आणि हॅन्सेल-ग्रेटेलच्या हाती बंदुका दिल्या. लहानपणी चेटकिणीने बळेबळे गोड खाऊ घातल्यामुळे मोठ्या हॅन्सेलला कायमचं दुखणं जडलं आहे आणि ठरल्या वेळी सुई टोचून घ्यावी लागते, ही शेवटच्या चित्रपटातली खरोखर परीकथेची म्हणावी अशी कल्पना. तीही हाणामारीच्या धबडग्यात वाहून जाते. शस्त्र हाती आलं की परीकथेतलं मूल संपतं. त्याच्यापाशी धिटाई, चलाखी आणि खिशातले खडे, एवढंच असायला हवं.

गिएर्मो देल तोरोला हे पक्कं ठाऊक आहे. ‘पॅन्स लॅबिरिंथ’ (२००६) घडतो स्पेनमध्ये, १९४४ साली. यादवी संपून पाच वर्षं झाली आहेत, फ्रँकोची राजवट बसली आहे आणि डोंगरात बंडखोर अजून लढताहेत. चित्रपटाची छोटी नायिका ओफेलिया; तिची आई कप्तान विदालशी लग्न करून त्याच्या ठाण्यावर आली आहे. विदालच्या घरच्या मेजवानीत गावच्या शिधापत्रिकांचा विषय निघतो. प्रत्येक घराला एकच पत्रिका, असं तो जाहीर करतो, आणि पाहुण्यांतला पाद्री तेवढं पुरे आहे म्हणून दुजोरा देतो. पुढे ओफेलिया खडूने भिंतीवर दार काढून एका दालनात शिरते. तिथेही लांब मेज, तसंच शिगोशीग अन्न, आणि टोकाशी एक फिकट, कातडी लोंबणारा राक्षस बसलेला. डोळे त्याच्यासमोरच्या बशीत. कोपऱ्यात लहान मुलांच्या बुटांचा ढीग. इथलं काहीही खायचं नाही, असं तिला बजावलेलं असतं. तरी ती द्राक्षं उचलते. राक्षस तळहातांत डोळे बसवून उठतो. ओफेलियाने हा मूर्खपणा का केला, असं अनेक प्रेक्षक विचारतात. पण आधी एकदा नवा झगा चिखलात माखला म्हणून याच मुलीला रात्रीचं जेवण मिळालेलं नसतं. उपाशी निजवलेल्या पोरीसमोर पंक्ती मांडायच्या आणि हात लावू नको म्हणायचं, यात क्रूर कोण? देल तोरो दोन्ही मेजं शेजारी शेजारी ठेवतो आणि बाकीचं आपल्यावर सोडतो. त्याचं याहून चांगलं दृश्य मी पाहिलेलं नाही.

इटलीच्या मात्तेओ गारोनेने ‘टेल ऑफ टेल्स’मध्ये (२०१५) ग्रिम बंधूंच्याही मागे जाऊन सतराव्या शतकातल्या बाझिलेच्या नेपल्सच्या कथा घेतल्या. मूल हवं म्हणून समुद्रातल्या अजस्र प्राण्याचं शिजवलेलं काळीज खाणारी त्याची राणी विसरता येत नाही. पांढऱ्याशुभ्र दालनात ती एकटी बसून दातांनी लचके तोडते. ते काळीज आणताना नवरा मेला आहे आणि तिला त्याची फिकीर नाही. चित्रपट पुढे तीन कथांमध्ये विखुरतो, हेही खरं.

अलीकडचं सगळ्यात धारदार काम नॉर्वेच्या एमिली ब्लिचफेल्टचं. ‘द अग्ली स्टेपसिस्टर’ (२०२५) सिंड्रेलाची गोष्ट सावत्र बहिणीच्या बाजूने सांगतो. राजपुत्राच्या नजरेत भरायचं म्हणून ही बहीण, एल्विरा, पट्टकृमीचं अंडं गिळते. आता ती खाईल ते जंताच्या पोटात जाईल आणि ती बारीक होईल. इकडे सावत्र बापाचं प्रेत घरातच कुजत पडलंय, कारण आईने अंत्यविधीचा पैसा पोरीला सजवण्याकडे वळवलाय. बुटात पाय मावावा म्हणून बोटं तोडण्याचा प्रसंग ग्रिम बंधूंचाच; दिग्दर्शिकेने तो पदरचा घातलेला नाही. पोटात जंत पाळून भूक विकत घेणारी मुलगी मात्र आजची आहे.

आपल्याकडे या कसोटीला उतरणारे दोन चित्रपट मला दिसतात. मल्याळममधल्या ‘भ्रमयुगम’मध्ये (२०२४) गुलामीतून पळालेला एक उपाशी गायक ओसाड वाड्यात शिरतो, पोटभर जेवतो आणि त्या जेवणाच्या मोबदल्यात स्वतःला हरवून बसतो. दुसरा, अर्थातच, राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८). नाव श्री. ना. पेंडसे यांच्या कादंबरीवरून सुचलेलं. पहिल्या भागातल्या म्हातारीमागे नारायण धारपांची ‘आजी’ आणि त्या ‘आजी’मागे स्टीफन किंगची एक कथा. चित्रपटातला हस्तर हा समृद्धीच्या देवीचा पहिला मुलगा. सोनं त्याला मिळालं. धान्याला हात घालायला गेला आणि कायमचा उपाशी राहिला. ते सोनं मिळवायला नायक विनायक दोराने देवीच्या गर्भात उतरतो, पिठाचं रिंगण आखतो, कणकेची बाहुली पुढे टाकतो. हस्तर तिच्यावर तुटून पडतो तेवढ्या अवधीत त्याच्या लंगोटातून मोहरा पाडायच्या. सोनं उपाशी आणि पीठ मोलाचं, असा तिथला हिशेब. विनायकाचा मुलगा पांडुरंग एकाऐवजी पुष्कळ बाहुल्या न्यायची शक्कल काढतो, तेव्हा आपल्या अंगावर काटा येतो तो हस्तरला पाहून नव्हे. बापाने पोराला काय शिकवलंय, ते त्या क्षणी उघडं पडतं.

‘मुंज्या’कडूनही (२०२४) मला आशा होती. मुंज होऊन लग्नाआधी मेलेला, पिंपळावर अडकलेला पोर ही कोकणातली अस्सल, करुण कल्पना. सुरुवातीचा कोकणातला भाग तिच्या जवळ जातो. मग विनोद आणि पुढच्या भागांची जुळवाजुळव सुरू होते आणि पोराची तहान बाजूलाच राहते.

मराठी चित्रपटाचं काय? विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ उसाच्या फडात घडतो आणि गर्भातच खुडलेल्या मुलींची गोष्ट सांगतो. त्या फडात शिरताना खरोखर धाप लागते. पण तो एकटा पडला. ज्या भाषेत रत्नाकर मतकरींनी एकाच लेखणीने ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीणही रंगवली आणि मोठ्यांची झोप उडवणाऱ्या गूढकथाही लिहिल्या, तिथे या दोन धाग्यांना पीळ देणारा चित्रपट जवळपास नाहीच. ‘तुंबाड’ची माती कोकणातली, माणसं मराठी, चित्रपट हिंदीत. ‘चल रे भोपळ्या’तल्या म्हातारीचा अख्खा प्रवास तिला खायला टपलेल्यांमधून होतो, आणि आपण तिला बालवाडीच्या स्नेहसंमेलनापुढे जाऊ दिलेलं नाही. प्रेक्षक नाही, ही सबब आता चालणार नाही. ‘तुंबाड’ सप्टेंबर २०२४मध्ये पुन्हा थिएटरांत लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त पैसा कमावून गेला, तोही मधल्या काळात बहुतेकांनी घरबसल्या पाहिलेला असताना.